एका मताची सुगी

पौष निम्मा सरला की आमच्या शिवारातल्या ज्वारीचा वास बदलतो. आधी नुसता पानांचा, हिरवा, ओलसर वास असतो. मग कणसात दूध भरतं आणि बांधावरून जाताना कोवळं, गोडसर काहीतरी नाकात शिरतं, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं. मी शिकवते ती बदनापूरची शाळा सुटली की स्कूटीवरून घराकडं निघते. डांबरी रस्ता सोडून पांदीला लागले की तो वास मला गाठतो. यंदाही परवा त्यानं गाठलं. मी गाडी बंद केली आणि एक पाय खाली टेकवून तशीच उभी राहिले. लोक या वासानं खूश होतात, पाहुण्यांना फोन करतात, हुरड्याला या म्हणतात. मला मात्र दोन वर्षांपासून या वासानं आधी धस्स होतं. आनंद होतो, पण तो मागाहून.

दोन वर्षांपूर्वीच्या सुगीत आमच्या घरी अमेरिकेतली एक आमदार राहायला आली होती. आमदार म्हणजे माझी थोरली नणंद, निर्मला. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्या तिकडच्या एका राज्याच्या विधानसभेत दहा वर्षं निवडून येत होत्या. राज्याचं नाव आमच्या गावात कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे त्याला ‘मक्याचा मुलुख’ म्हणतात. अक्कांनीच एकदा सांगितलं होतं की नजर जाईल तिथपर्यंत मका आणि सोयाबीन, बाकी काही न्हाई. नुसतं मोसंबीचं झाड दिसलं असतं तर रडले असते.

अक्का शेतकीचं शिकलेल्या. लग्न होऊन दाजींबरोबर तिकडं गेल्या त्याला आता तीस वर्षं होत आली. दाजी म्हणजे त्यांचे यजमान सुधाकर, अंबडकडचे. पेरणीयंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनीअर. अबोल माणूस. अक्का तिथल्या गावात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला लागल्या. एके दिवशी एक तरणी बाई विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आली. तिच्या कडेवरच्या बाळाचे ओठ निळे पडले होते. शेतातलं खत झिरपून विहिरीत उतरलं होतं आणि त्याच पाण्यात ती बाळाचं दूध कालवत होती. बाळ वाचलं. पण अक्का त्या दिवशी घरी जाऊन जेवल्या नाहीत. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी मिळत नाही म्हणून माणूस तडफडतो, आणि इथं मिळालेलं पाणीच असं, हे त्यांना सोसेना. मग त्या गावच्या सभेत बोलल्या. मग शाळेच्या समितीवर गेल्या. मग लोकच म्हणाले, विधानसभेला उभ्या राहा.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या घरात कुणाचा विश्वास बसला नाही. माहेरी चारचौघांत ज्यांचा आवाज कधी ऐकू आला नाही, त्या अक्का परक्या देशात मतं मागणार. त्याहून मोठा धक्का बसला तो त्या कशा मागतात ते ऐकून. ना गाड्यांचा ताफा, ना हार, ना कार्यकर्ते. एकट्याच घरोघर जायच्या, दार वाजवायच्या आणि आपलं नाव सांगायच्या. दोनदा कुत्रं चावलं. निवडून आल्यावरही स्वतःच गाडी चालवत राजधानीला जायच्या. बंदूकवाला शिपाई नाही की दिवा नाही. माझे यजमान दिगंबर, अक्कांचे धाकटे भाऊ, कितीतरी दिवस लोकांना हे सांगत नव्हते. खोटं वाटेल म्हणाले.

तिकडची विधानसभा वर्षभर चालत नाही. जानेवारीत भरते आणि एप्रिलात उठते. म्हणजे आमच्या हुरड्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बाकीचे महिने अक्का पुन्हा प्रयोगशाळेत. त्यामुळं आमच्याकडं कणसं भरली की अक्कांचं सभागृह भरलं, असं समीकरणच होऊन गेलं होतं. आमच्या संध्याकाळी, त्यांच्या सकाळी, त्या राजधानीतल्या भाड्याच्या खोलीतून फोन करायच्या. मी चुलीवर भाकरी टाकत असायचे, फोन फळीवर ठेवलेला. त्या बूट चढवता चढवता विचारायच्या, यंदा दाणा कसा आहे, चिमण्या पडल्या का, बाग ताणावर सोडली का. मग घाईनं म्हणायच्या, चल शोभा, जल्दी निघते, आज मतदान आहे.

विहिरींच्या फुकट तपासणीचा त्यांचा कायदा तीनदा पडला. चौथ्या खेपेला पास झाला तेव्हा फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. एकदा त्यांनी आपल्याच पक्षाच्या विरोधात मत दिलं होतं. त्यानंतर सबंध हिवाळा त्यांच्या बाकावरचं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. आमच्या ह्यांनी विचारलं की मग बाहेर निघून जायचं होतं, आमच्याकडं सभात्याग करतात. अक्का म्हणाल्या की त्यांच्या सभागृहात तसं चालत नाही. हजर असलं की हो किंवा नाही, एक बटन दाबावंच लागतं. न दाबता उठता येत नाही.

आणि मग ती नोव्हेंबरातली निवडणूक. अक्का आणि त्यांच्या विरोधातला एक तरुण विमा एजंट, दोघांना सारखी मतं पडली. पुन्हा मोजली, पुन्हा सारखीच. तिकडच्या नियमाप्रमाणं चिठ्ठी टाकायचं ठरलं. आमच्याकडं ग्रामपंचायतीला चिठ्ठी निघते, ते आम्ही पाहिलेलं. पण अमेरिकेत, विधानसभेच्या जागेला चिठ्ठी निघते हे ऐकून गावात कुणाला खरं वाटेना. रात्रीची जेवणं उरकली होती, तिकडं सकाळ. आम्ही दोघं ओसरीवर मोबाइलवर बघत होतो. तांबड्या स्वेटरातल्या एका म्हाताऱ्या बाईनं काचेच्या भांड्यात नावांच्या चिठ्ठ्या घातलेल्या दोन सारख्या डब्या टाकल्या, हात घालून ढवळलं, एक काढली. चष्मा नाकावर चढवला. नाव वाचलं. ते अक्कांचं नव्हतं.

दहा वर्षं. आणि शेवट असा, काचेच्या भांड्यातून. अक्कांनी पुढं होऊन त्या पोराचा हात हातात घेतला. तोच घाबरल्यासारखा दिसत होता. अक्कांच्या मागं दाजी उभे होते, टोपी हातात धरून. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तेव्हा ह्यांना म्हटलं, बघा, दाजींना किती लागलंय.

त्या जानेवारीत अक्कांना पहिल्यांदाच सभागृह नव्हतं. म्हणून दोघं इकडं आले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी जालन्याला उतरले. अक्का गाडीतून उतरल्या त्या तडक रानात गेल्या आणि ज्वारीत उभ्या राहिल्या. कणसं डोक्याच्या वर. मला नुसतं त्यांच्या पिवळ्या ओढणीचं टोक दिसत होतं.

पहिले आठ-पंधरा दिवस गाव लोटलं. कुणी बदलीचं काम घेऊन आलं, कुणी पोराच्या व्हिसाचं. अक्का सगळ्यांना समजावून सांगायच्या की मी आमदार होते ती तिकडची, आणि आता तिकडचीही न्हाई. लोक हसून मान डोलवायचे आणि अर्ज ठेवून जायचे. अक्कांनी बॅगेतून कागदाच्या बारीक पट्ट्या काढल्या आणि आमच्या विहिरीपासून शाळेच्या हातपंपापर्यंत सगळं पाणी तपासलं. पट्टी पाण्यात बुडवून त्या डोळ्यांजवळ धरायच्या, रंग चढायची वाट बघायच्या. मळ्याकडच्या एका विहिरीत पट्टी गडद गुलाबी झाली, म्हणजे पाण्यात खत उतरलेलं, तेव्हा तिथल्या सुनेला त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, ह्या पाण्यात लेकराचं दूध बिलकुल कालवू नको. मी बाजूला उभी होते. तिकडची आमदारकी गेली असं कोण म्हणेल, असं मला तेव्हा वाटून गेलं.

दाजी मात्र दिवसभर मोसंबीच्या बागेत बसायचे. बाग ताणावर होती. बहर धरावा म्हणून पाणी तोडलेलं, पानं पिवळी पडून गळत होती. खालची जमीन भेगाळलेली. दाजी एका झाडाखाली पोतं टाकून बसायचे आणि गळणारी पानं बघायचे. चहाला हाक मारली की येत, कप घेत, पुन्हा जात. मला वाटायचं, थंड मुलखातून आलेत, ऊन खाताहेत.

मग तो रविवार. हुरडा ऐन रंगात आला होता. बांधालगत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. आमच्या शेजारच्या रानातले लिंबाजी नाना कणसं भाजत होते. त्यांच्यासारखं भाजणारं गावात कुणी नाही. गरम कणीस हातावर चोळून नाना तळहाताची ओंजळ पुढं करायचे, त्यात वाफाळते हिरवे मोत्यांसारखे दाणे. लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. नानांच्या घरच्या बायका, आम्ही दोघं, अक्का आणि दाजी. ऊन पाठीवर. बोलणं साहजिकच निवडणुकीवर गेलं. नाना चेष्टेखोर. त्यांनी कणीस आगीत फिरवत म्हटलं, “अक्का, सारखी मतं म्हंजे एकाच मताचा खेळ झाला ग. घरातलंच एखादं राह्यलं असंल बघ.”

सगळे हसलो. अक्काही हसल्या. म्हणाल्या, घरात आम्ही दोघंच, लेक दुसऱ्या राज्यात; दोन्ही मतं बराबर पडली.

दाजींच्या हातात चोळलेला हुरडा होता. त्यांनी तो हळूच पत्रावळीवर ठेवला.

“माझं न्हाई पडलं,” ते म्हणाले.

आम्हाला आधी कळलंच नाही. नाना अजून हसत होते. अक्कांचं हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, फक्त डोळे थांबले होते. मग त्या म्हणाल्या, “सुधाकर, काय म्हणालास तू?”

आमच्या गावात नवऱ्याला असं चारचौघांत नावानं कुणी हाक मारत नाही. तिकडं त्या मारत असतील. इथं आल्यापासून ‘अहो’ शिवाय मी काही ऐकलं नव्हतं. नानांच्या घरच्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

दाजी आगीकडं बघत बोलले. “मत द्यायला गेल्तो. कारखान्यातून सुटल्यावर. रांग होती. पुढं चार-पाच माणसं राह्यली आणि मी निघून आलो. मला वाटलं, एका मतानं काय होतंय.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. शाळेत मतदान केंद्र असतं तेव्हा ड्यूटीवर बसून ऐकलंय, एस.टी.त ऐकलंय, स्वतः म्हटलंय. आणि ज्या बाईनं दहा वर्षं बर्फात, चिखलात, कुत्र्यांच्या भुंकण्यात दारोदार जाऊन याच एका वाक्याशी झगडा केला, तिच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या मनात ते ऐन वेळी आलं. अंगावर काटा येतो म्हणतात तसं मला झालं नाही. मला उलट एकदम गरम झालं, आगटीत वाकल्यासारखं.

अक्का उठल्या. हातावरचा कोंडा झटकला. ज्वारीतल्या पायवाटेनं निघून गेल्या. नानांच्या हातातली कणसं आगीत तशीच राहिली, जळाल्याचा वास सुटला, तरी कुणी काढली नाहीत.

ह्यांचा संताप मी त्या दिवशी पाहिला. सख्खी बहीण. पण समोर घरचा जावई, बोलायचं कसं? हे बैलाला उगीच दोनदा पाणी दाखवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनीच आम्हा दोघांना बागेत बोलावलं. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. दहा हिवाळे. अक्का सोमवारी जाणार, शुक्रवारी येणार, रस्ते बर्फानं बंद झाले तर तेही नाही. लेक शिकायला गेल्यावर घरात बोलायला कुणी नाही. आदल्या हिवाळ्यात ते अंगणात बर्फावरून घसरून पडले. पाय मुरगळला, उठता येईना. पलीकडची म्हातारी कचरा टाकायला बाहेर आली म्हणून दिसले. त्या रात्री अक्कांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, बरा आहे. कारण दुसऱ्या दिवशी अक्कांचा विहिरींचा कायदा मतदानाला होता.

“रांगेत उभा होतो,” दाजी म्हणाले, “तर गार वारं आलं. आणि मला ते अंगण दिसलं. पाय आपोआप मागं फिरले. ठरवून न्हाई केलं.”

संताप कुठं ठेवावा ते ह्यांना कळेना. मलाही कळेना. मला दाजींची दया आली आणि दया आली याचाच राग आला.

अक्कांनी दाजींशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. त्या माझ्या खोलीत झोपायला आल्या, हे बाहेर दाजींबरोबर. फेब्रुवारी अखेरची दोघांची तिकिटं होती. अक्कांनी एके दिवशी भाकरी खाता खाता सांगितलं की मी माझं तिकीट रद्द करून राह्यले, मला इथंच राहायचंय. मागच्या खोलीला पत्रे नवे टाकून घेऊ म्हणाल्या. भावाच्या घरी त्यांचा हक्क होता, कुणी नको कसं म्हणणार? पण ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. तीस वर्षांचा संसार आमच्या स्वयंपाकघरात मोडत होता आणि मी वरण वाढत होते.

मग सुगी सुरू झाली. अक्का बायकांबरोबर ज्वारी काढायला उतरल्या. पहाटेच्या गारव्यात, दवानं भिजलेल्या पाल्यात. पाल्याची करवतीसारखी धार, मानेला कणसांची बारीक कूस चावायची. दोन दिवसांत हाताला फोड आले. मी रविवारी त्यांच्या शेजारची पात धरली. बराच वेळ नुसता विळ्यांचा खर्रखर्र आवाज. शेवटी न राहवून मी म्हटलं की अक्का, तुम्ही एवढ्या परक्या दारांवर गेलात, दाजींना कधी विचारलं का, मी उभी राहू का म्हणून?

अक्कांनी विळा थांबवला.

“न्हाई विचारलं. ते माझं चुकलं, ते मी धरते. पण माझी चूक पुढं करून तुझ्या दाजींना मोकळं करू नको, शोभा.”

पुन्हा विळा चालू झाला. मला वाटलं होतं, मी फार शहाणपणाचं बोलले. दिवसभर कान गरम राहिले.

दुपारी बागेला पाणी सोडलं होतं, ताण मोडला होता. आठवड्याभरात काड्यांवर पांढरे कळे फुटले, आणि मग एका सकाळी उठलो तर सबंध घरात मोसंबीच्या फुलांचा वास. त्या वासात दोन माणसं एकमेकांशी न बोलता अंगणात दात घासत होती. अमेरिकेतून अक्कांना अजून फोन यायचे. कुणाच्या विहिरीचं, कुणाच्या तपासणीचं. त्या त्यांच्या भाषेत शांतपणे समजावायच्या. शेवटी सांगायच्या की आता तुमचा आमदार दुसरा आहे, त्यालाही फोन करा, चांगला पोरगा आहे. दाजी लांबून ऐकत राहायचे.

माघातल्या चतुर्थीला आम्ही चौघं राजूरला गेलो. गणपतीला गर्दी मोठी. रांग देवळाला वळसा घालून पार दुकानांपर्यंत आलेली. नारळ, दूर्वा, भजी, पोरांच्या पिपाण्या. पुढं अक्का आणि मी, मागं हे आणि दाजी. ऊन चढायला लागलं. दाजींचा तो मुरगळलेला पाय दुखायला लागला असावा. ते ह्यांना हळूच म्हणाले, तुम्ही दर्शन घेऊन या, मी तिकडं सावलीला बसतो. आणि बाजूला व्हायला त्यांनी एक पाऊल टाकलं.

अक्का वळल्या. तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघितलं.

“रांग सोडायची न्हाई,” त्या म्हणाल्या.

दाजी होते तिथं थांबले. आसपासच्या लोकांना त्यात काहीच वाटलं नसेल. एक बाई नवऱ्याला रांगेत थांब म्हणतेय, एवढंच. पण कुठली रांग ते आम्हा चौघांना कळलं होतं.

अक्कांनी मला पुढं ढकललं आणि स्वतः मागं सरकून दाजींच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग जे बोलल्या ते मी ऐकलं, न ऐकल्यासारखं करून. “तुम्हाला मी घरी हवी होते, तर विरोधात मत द्यायचं. त्या पोराला द्यायचं. मी एका मतानं पडले असते, आणि ते मला चाललं असतं. नवरा विरोधात असू शकतो. पण तुम्ही काहीच केलं न्हाई. मला त्या काचेच्या भांड्यापुढं उभं केलं आणि मागं टोपी धरून उभे राह्यले. पडलात तेव्हाही बोलला न्हाईत, रांगेतून आलात तेव्हाही न्हाई. मला काय कळणार?”

दाजी रडत होते. आवाज न करता, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. मागच्या माणसानं विचारलं, तब्येत बरी नाही का. अक्कांनी खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दाजींना दिली. रांग पुढं सरकली. दोघं सरकले. दाजी लंगडत होते. अक्कांनी त्यांचा दंड धरला, जरा जोरातच. गाभाऱ्यापर्यंत तसाच धरून ठेवला होता.

तिकीट रद्द झालं नाही. जायच्या आदल्या दिवशी अक्कांनी अंगणात सगळ्यांसमोर दाजींना सांगितलं की मी पुन्हा उभी राहणार. आणि तुम्ही मत द्यायचं. कुणालाही द्या, पण द्या. दाजींनी मान हलवली. खळ्यावर ज्वारीची रास पडली होती, हवेत भुसा उडत होता, सगळ्यांचे डोळे तसेही चुरचुरत होते.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात अक्का पुन्हा उभ्या राहिल्या, त्याच पोराच्या विरोधात, आणि चांगल्या फरकानं निवडून आल्या. चिठ्ठी नाही, दुसरी मोजणी नाही. आता त्या राजधानीत आहेत. भाड्याच्या खोलीतून सकाळी फोन करतात, दाणा कसा आहे विचारतात. आणि दाजी आमच्याकडं आहेत. कारखान्यातून निवृत्त झाले, आणि हिवाळा इकडं काढायचा असं दोघांनी मिळून ठरवलं. अक्का सभागृहात, दाजी आमच्या मोसंबीच्या बागेत. हे लोकांना काही केल्या पटत नाही. बायको आमदार आणि नवरा मेहुण्याच्या घरी, यात काहीतरी काळंबेरं असणार असं गाव धरून चाललंय. पण रोज संध्याकाळी दाजी फोनवर तासभर बोलतात. अबोल माणूस, आता ऐकवत नाही इतकं बोलतो.

परवा चहा पिताना मी हिंमत करून विचारलं की दाजी, या खेपेला मत दिलं ना?

“दिलं की. रांगेत पाऊण घंटा उभा होतो.”

कुणाला ते मी विचारणार नव्हते. त्यांनीच बशीत चहा ओतत सांगितलं. “त्या पोराला.”

मी चहाचं पातेलं खाली ठेवलं. दाजी शांतपणे चहा फुंकत होते. अक्कांना माहीत आहे का, मी विचारलं. म्हणाले, त्याच संध्याकाळी सांगितलं, निकाल लागायच्या आधी. मग अक्का काय म्हणाल्या?

“म्हणाली, बराबर. मंग जेवायला वाढलं.”

मी तेव्हापासून हे गिळायचा प्रयत्न करतेय. बायकोच्या विरोधात मत द्यायचं, तिला तसं सांगायचं, आणि तिनं वाढलेलं जेवायचं. आणि ती निवडून आल्यावर विमानतळावर तिनंच सोडायला यायचं, स्वेटर घेतला का विचारायचं. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. या काळात मी किती निवडणुकांत बोटाला शाई लावून घेतली असेल. दर वेळी आदल्या दिवशी हे सांगायचे, यंदा आपल्या घरातली मतं अमक्याला. आणि मी जाऊन ते बटन दाबून यायचे, जसं बाजारातून सांगितलेलं सामान आणावं. जबरदस्ती कधीच नव्हती. विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आता आमच्याकडंही जिल्हा परिषदेचे वारे वाहू लागलेत. काल संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. भाकरी, नव्या हरभऱ्याची भाजी, ठेचा. हे म्हणाले की पाटलांकडची माणसं आल्ती, आपल्या घरातल्या दोन मतांचं मी सांगून टाकलंय.

मी भाकरी परतत होते. ती परतून झाली, तव्यावरून काढली, ह्यांच्या ताटात वाढली.

“एका मताचं सांगा,” मी म्हटलं. “माझं मी अजून ठरवलं न्हाई.”

ह्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. घरात अचानक कुणी अनोळखी माणूस बसलेला दिसावा तसे बघत होते. दाजींनी मान खाली घालून ठेचा बोटानं भाकरीला लावला. बाहेर शिवारात वारं सुटलं होतं, भरली ज्वारी सळसळत होती. मी परातीतला पुढचा गोळा घेतला आणि भाकरी थापायला लागले. भाकरी गोल आली.